मदत हवी आहे: पहिलीच गाडी, तीही वापरलेली. स्विफ्ट घ्यावी की टियागो?

मेघना_ना
नमस्कार. मला रविवारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे, म्हणून थेट विचारते. २०१६ ची स्विफ्ट आणि २०१९ ची टियागो अशा दोन पेट्रोल गाड्या पाहून ठेवल्या आहेत. स्विफ्टचे चार लाख दहा हजार सांगत आहेत आणि टियागोचे चार लाख पस्तीस हजार. स्विफ्टच्या रंगाला नव्यासारखी चकाकी आहे, आतून स्वच्छ आहे आणि किलोमीटरही कमी दिसतात. टियागोच्या मागच्या दारावर मात्र घासल्याची लांब खूण आहे. परवाना नुकताच हातात आला आहे, त्यामुळे सुरक्षित आणि रस्त्यात दगा न देणारी गाडी हवी. रविवारपर्यंत टोकन दिले नाही तर स्विफ्ट दुसरे गिऱ्हाईक घेऊन जाईल, असे एजंटने बजावले आहे. कृपया कोणती घ्यावी, एवढेच सांगावे.

गिरणाकाठ
मेघनाताई, एवढ्या माहितीवर कोणी उत्तर दिले तर तो केवळ अंदाज ठरेल. गाडी रोज किती आणि कोणत्या रस्त्यावर चालणार आहे? दोन्ही गाड्यांचे व्हेरियंट (एकाच मॉडेलचा कमी-जास्त सोयींचा प्रकार) कोणते? तुम्ही कितव्या मालक होणार आणि पासिंग (नोंदणी) कोणत्या जिल्ह्याचे आहे? एकच नाव लावून विकल्या गेलेल्या दोन गाड्यांमध्ये सुरक्षिततेच्या दृष्टीने मोठे अंतर असू शकते, म्हणून हे आधी सांगा.

शेवगावकर
माझे मत विचाराल तर दोन्ही सोडा. पहिले वर्षभर गाडीला ओरखडे पडणारच आहेत, मग चार लाखांच्या गाडीवर ते का पाडायचे? दीड लाखात चांगली जुनी अल्टो मिळते, सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात आणि कोणताही मेकॅनिक ती दुरुस्त करतो. आमच्या घरातले सगळे अशाच गाडीवर शिकले आणि हात बसल्यावर मोठ्या गाडीकडे वळले.

केतकी रा.
शेवगावकर, ओरखड्यांचा खर्च आणि जिवाची जोखीम या दोन गोष्टी एकत्र करू नका. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ साली भारतातल्या छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्या जाहीर केल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० ला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी शून्य तारे मिळाले होते. त्याच वेळी एअरबॅग नसलेल्या पोलोलाही शून्यच तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. गिरणाकाठ व्हेरियंट का विचारत आहेत, ते यावरून लक्षात येईल. नवशिक्या माणसाच्या हातून चूक होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ती चूक सोसणारी गाडी त्यालाच सर्वांत आधी हवी.

शेवगावकर
गल्लीबोळात तीसच्या वेगाने चालवणाऱ्याला धडक चाचणीचे काय? माझा सल्ला शिकण्यापुरता आहे, महामार्गासाठी नाही. ताईंनी रस्ता कोणता ते अजून सांगितलेलेच नाही.

मेघना_ना
क्षमस्व, हे सगळे लागेल असे वाटले नव्हते. मी नाशिकरोडला राहते आणि नोकरी सिन्नरच्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीत आहे. पुणे महामार्गाने मोहदरी घाटातून रोज येणे-जाणे होईल आणि दुसरी पाळी असली की परत येताना रात्र होते. स्विफ्टचे पासिंग एमएच १० आहे आणि मी तिसरी मालक होईन. टियागो एमएच १५ ची असून आतापर्यंत एकाच मालकाकडे आहे. स्विफ्टचे व्हेरियंट विचारले तर एजंट ‘टॉपच्या खालचे’ एवढेच म्हणतो. टियागोवर एक्सझेड लिहिलेले आहे.

शेवगावकर
रोजचा महामार्ग आणि रात्रीचा घाट असेल तर माझा अल्टोचा सल्ला मागे घेतो. पण गाडी घेतल्यावर लगेच घाटात नेऊ नका, ही विनंती मात्र कायम आहे.

गॅरेज_पंचवटी
मी गेली अनेक वर्षे हेच काम करतो, म्हणून एमएच १० वाचून थोडे सविस्तर लिहितो. एमएच १० म्हणजे सांगली, आणि सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये मोठा पूर आला होता. तिथली प्रत्येक गाडी पाण्यात होती असे मुळीच नाही, पण तपासल्याशिवाय हात लावू नये. आतून नव्यासारखी स्वच्छ असलेली जुनी गाडी दिसली की मी आधी पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढतो. पट्ट्याचा एरवी आत गुंडाळलेला राहणारा भाग धुतलेला नसतो. पाणी तिथवर चढले असेल तर मातकट रेषा दिसते. त्यानंतर डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात गाळ किंवा गंज आहे का ते पाहावे, पायाखालचे कार्पेट उचलून वास घ्यावा आणि सीट ज्या लोखंडी पट्ट्यांवर सरकते त्यांचे बोल्ट पाहावेत. इंजिन धुऊन निघते, पण वायरिंगमध्ये गेलेले पाणी दोन पावसाळ्यांनंतरही त्रास देते.

दुसरे म्हणजे इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून पाहा. तुम्ही पोहोचण्यापूर्वीच बॉनेट गरम असेल तर परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळत आहे. पांढरा दाट धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आत जात असण्याची शंका घ्यावी. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. क्लचचे आणि ब्रेकचे रबर गुळगुळीत झालेले आणि मीटर मात्र तीस हजार दाखवणारे, असे असेल तर मीटर खोटे बोलत आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या क्रमांकावरून जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मिळू शकतात. मालकाला सोबत घेऊन त्या मागवा.

नीलेश पुणे
ताई, आजच्या काळात पेट्रोल कशाला? ठरलेला रस्ता आहे आणि रोज रात्री गाडी घरीच उभी राहणार आहे, म्हणजे तुमच्यासाठी इलेक्ट्रिक गाडीच योग्य आहे. थोडे कर्ज काढून नवीनच घ्या, प्रतिकिलोमीटर खर्च फार कमी येतो. मी स्वतः वापरतो आणि पूर्ण समाधानी आहे.

गिरणाकाठ
नीलेश, त्यांचा प्रश्न समोरच्या दोन जुन्या गाड्यांचा आहे.

वाघेरा
रोज एवढे अंतर असेल तर टियागोला सीएनजी किट बसवून घ्यावे, असे सुचवतो. वर्षभरात किटचे पैसे वसूल होतात.

गॅरेज_पंचवटी
किट बसवले तर त्याची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) आणि विम्यात दोन्हीकडे करावी लागते आणि सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. शिवाय डिकी भरून जाते आणि मागच्या बाजूला वजन वाढते. नवख्या हाताला गाडीचा अंदाज येईपर्यंत हा विषय बाजूला ठेवावा. विकणाऱ्यानेच आधी किट बसवलेले असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर ती गाडी घेऊच नये.

केतकी रा.
आता व्हेरियंटबद्दल. २०१६ साली गाडीत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेच पाहिजेत असे बंधन नव्हते. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस आणि १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग बंधनकारक झाली; पुढच्या प्रवाशाच्या एअरबॅगची सक्ती त्याहूनही नंतरची, २०२१ मधली आहे. टियागोला जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले, पण चाचणीतली गाडी दोन एअरबॅगची होती. त्यामुळे एजंटच्या शब्दावर न जाता स्वतः तपासा. आरसीवर मॉडेलच्या नावापुढे बहुतेक वेळा व्हेरियंटही छापलेले असते. चावी ‘ऑन’ला फिरवली की, इंजिन सुरू होण्याआधी, एअरबॅगचा आणि एबीएसचा असे दोन्ही दिवे लागायला हवेत आणि काही सेकंदांत आपोआप विझायला हवेत. दिवा लागलाच नाही तर ती सोय गाडीत नाही किंवा दिवाच काढून टाकला आहे. विझलाच नाही तर बिघाड आहे.

सदाशिव कुलकर्णी
घाट आहे म्हणून एएमटी (क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी) पाहावी, असे मला वाटते. क्लचच्या कटकटीत नवशिका माणूस घाबरतो.

गॅरेज_पंचवटी
काका, चढावर थांबलेल्या जुन्या एएमटी गाडीला हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) नसेल तर ब्रेक सोडताच ती मागे सरकते आणि मागे ट्रक उभा असला की अनुभवी माणसालाही घाम फुटतो. साधा गिअर आणि हँडब्रेक लावून चढावर गाडी उचलण्याचा सराव, हे मला जास्त भरवशाचे वाटते.

सदाशिव कुलकर्णी
सराव करून घेणारा कोणी सोबत असेल तर तुमचे म्हणणे मान्य आहे. अनेकांना तो मिळत नाही, म्हणून मी सुचवले.

मेघना_ना
आज सकाळी मामेभावाला घेऊन दोन्हीकडे जाऊन आले. स्विफ्टच्या आरसीवर नुसते व्हीएक्सआय आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला नाही आणि एबीएसचाही नाही. सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी डाग दिसला. एजंट म्हणाला की चहा सांडला असेल. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागितल्या, तर त्या पहिल्या मालकाकडे राहिल्या असे उत्तर मिळाले. ती गाडी मी सोडली आहे.

टियागोचे दोन्ही दिवे लागून विझले आणि दाराची खूण वरवरचीच आहे. सर्व्हिसिंगच्या नोंदी मालकाने स्वतःच दाखवल्या. मात्र टायर सुरुवातीपासूनचेच आहेत असे ते म्हणाले आणि आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद अजून दिसते. कर्ज फिटले आहे, असे त्यांचे सांगणे आहे. पुढे काय करावे?

गॅरेज_पंचवटी
टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक दिसली तरी इतक्या जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते आणि पहिल्या पावसात महामार्गावर ब्रेक दाबल्यावर ते कळते. चारही टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा आणि घाटात जाण्याआधी ते बदलून घ्या. रात्रीचा प्रवास आहे, म्हणून हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या आहेत का तेही पाहा. पॉलिश करून त्या बऱ्याच सुधारतात.

गिरणाकाठ
कर्ज फिटले असेल तर मालकाने बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओकडून ती नोंद आधी काढून घ्यावी. तोपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. टोकन द्यायचेच असेल तर थोडे द्या आणि नोंद न निघाल्यास ते परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. त्यानंतर हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतील. ई-चलनाची थकबाकी गाडीच्या क्रमांकावरून ऑनलाइन दिसते, ती मालकाकडूनच भरून घ्या. विमाही तुमच्या नावावर करावा लागतो. त्यासाठी हस्तांतरापासून चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यातला फरक तुम्हाला भरावा लागेल. तो धरूनच सौदा करा.

मेघना_ना
सर्वांचे मनापासून आभार. मालक सोमवारी बँकेत जाणार आहेत. टायरचे आकडे पाहून इथे लिहिते.