'द वॉटर-बेबीज': तुम्ही कधी वाचलंत, आणि आज काय वाटतं?

चार्ल्स किंग्जली या इंग्लिश पाद्र्याची ही परीकथा आधी 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्ये क्रमशः आली आणि १८६३ साली तिचं पुस्तक झालं. टॉम हा धुराड्यांत चढून काजळी काढणारा, मालक ग्राइम्सचा मार खाणारा पोर. हार्टहोव्हरच्या मोठ्या वाड्यात तो वाट चुकतो आणि भलत्याच धुराड्यातून तिथल्या एली नावाच्या लहान मुलीच्या खोलीत उतरतो. तिथे आरशात स्वतःला पाहतो, तेव्हा आपण किती मळलेलो आहोत हे त्याला पहिल्यांदा कळतं. चोर समजून सगळे मागे लागतात. पळून पळून थकलेला टॉम शेवटी ओढ्यात उतरतो आणि जलबाळ, म्हणजे पाण्यात राहणारं चिमुकलं बाळ होतो.

हल्लीच मी ते पुन्हा पूर्ण वाचलं. सुरुवातीच्या प्रकरणांनी गळा दाटून आला आणि पुढच्या काही पानांवर संताप आला. यातली एक भावना खरी मानून दुसरी सोडून द्यावी असं मला वाटत नाही. तुम्ही कोणत्या वयात वाचलंत, संक्षिप्त की संपूर्ण, आणि घरातल्या मुलाच्या हातात द्याल का? सविस्तर लिहा.

*

मी लीड्सजवळ राहते. यॉर्कशरमधल्या मॅलम कोव्हचा चुनखडीचा प्रचंड कडा या गोष्टीमागे आहे असं इथे सगळेच सांगतात. किंग्जली तिथे जवळच मित्राकडे उतरत असत. कड्यावर खरोखर काळे ओघळ आहेत. गोष्टीत टॉम कडा उतरतो तेव्हा त्याच्या अंगाची काजळी दगडाला लागते आणि तो डाग कायमचा राहतो. मुलांना कड्याखाली उभं करून तेवढाच भाग वाचून दाखवला, फार रंगली. पुढचं पुस्तक मात्र आम्हाला झेपलं नाही. लेखक मध्येच थांबून पानपानभर याद्या देतो, त्या काळच्या पंडितांना टोमणे मारतो. आठ वर्षांचं मूल तिथे उठून जातंच.

*

ताई, त्या पंडितांसाठीच मी हे पुस्तक जपून ठेवलंय! प्राणिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. उत्क्रांतीवरचा डार्विनचा ग्रंथ १८५९चा. त्याच्या दुसऱ्याच आवृत्तीत डार्विनने एका नामवंत लेखक-धर्मगुरूच्या अनुकूल पत्रातला मजकूर दिला आहे, तो लेखक म्हणजे किंग्जली. माणूस आणि वानर यांच्या मेंदूवरून ओवेन आणि हक्सली या शास्त्रज्ञांचं जे भांडण जुंपलं होतं, त्याचीही या गोष्टीत खिल्ली आहे. जलबाळं नसतातच असं म्हणणाऱ्याला किंग्जली विचारतात, ती नाहीत हे तुम्ही पाहिलंय का? पुढे १८८५च्या सचित्र आवृत्तीत ओवेन आणि हक्सली बाटलीतलं जलबाळ निरखताना दाखवले आहेत. हक्सलींचा लहानगा नातू ज्युलियन याने १८९२ मध्ये आजोबांना पत्र लिहून विचारलं होतं, तुम्ही जलबाळ पाहिलंत का, ते बाटलीत ठेवलंत का? हाच नातू पुढे मोठा जीवशास्त्रज्ञ झाला.

आणि चतुर या कीटकाचं वर्णन! पाण्यातली कुरूप अळी काडीवर चढते, पाठीवर उकलते, आतून ओले पंख बाहेर येऊन उन्हात ताठ होतात. निरीक्षण इतकं अचूक की मी ते वर्गात वाचून दाखवत असे.

*

माझा धाकटा भाऊ नदीत गेला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी हे पुस्तक हाती आलं. त्यात एक जागा आहे: लोकांना पाण्यात काळं काहीतरी सापडतं, ते म्हणतात हा टॉमचा देह, तो बुडाला. आणि लेखक ठामपणे सांगतो की ते साफ चुकले, ते तर त्याचं नुसतं टरफल होतं. शाळा चालवणारी म्हातारी दर रविवारी त्याच्या थडग्यावर फुलं वाहते, आणि तिला चालवेनासं झाल्यावर गावातली मुलं वाहतात. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. 'मुलांच्या पुस्तकात मृत्यू कशाला?' असं विचारतात, त्यांना मला सांगायचंय की ज्या घरात तो आधीच येऊन गेलाय तिथल्या मुलालाही पुस्तक लागतं.

*

मी लहानपणी चित्रांची पातळ आवृत्ती वाचली होती. मासे, शेवंड, पऱ्या. बाकीचं त्यात नव्हतंच. इथे वाचून धक्का बसला.

*

वरच्या दादांच्या विज्ञानाला जोडूनच सांगतो, कारण दोष तिथेच शिरतो. सहाव्या प्रकरणात आळशी लोकांची एक जमात पिढ्यान्‌पिढ्या घसरत वानर होते. तिच्यातला शेवटचा, आपणही माणूस आहोत हे सांगू पाहतो, पण भाषा विसरल्यामुळे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि शिकारी त्याला गोळी घालतो. 'मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का?' हे तर गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचं ब्रीद होतं! त्याचा असा वापर? शिवाय आयरिश माणसांविषयी जागोजागी तुच्छता. १८६०च्या आयर्लंड प्रवासातून बायकोला लिहिलेल्या पत्रात किंग्जलींनी तिथल्या गरिबांना मानवी चिंपांझी म्हटलं होतं. १८६५ मध्ये जमैकातला उठाव रक्तपाताने चिरडणाऱ्या गव्हर्नर आयरची बाजूही त्यांनी घेतली. कुणाच्या राज्याखाली राहिलेल्यांच्या नातवंडांनी हे 'त्या काळी असंच होतं' म्हणून सोडावं, हे मला पटत नाही. त्याच काळात आयरवर खटला व्हावा म्हणून विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल झटत होते, डार्विनही त्यांच्या बाजूने होते. मी माझ्या मुलीला हे पुस्तक दिलेलं नाही.

*

मी बालमजुरीच्या प्रश्नावर काम करते. पुस्तकामुळे कायदा झाला असं सरसकट म्हटलं जातं, पण २१ वर्षांखालच्यांना धुराड्यात चढवू नये हा कायदा १८४० सालीच होता, पाळत कुणी नव्हतं. पुस्तकानंतर १८६४ मध्ये आणखी एक आला, तोही वाया गेला. फेब्रुवारी १८७५ मध्ये, किंग्जलींच्या निधनानंतर महिन्याभरातच, केंब्रिजजवळ जॉर्ज ब्रूस्टर हा ११ वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकून गेला. मग समाजसुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरींनी रेटा लावला आणि झाडणाऱ्यांना पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला, तेव्हा कुठे हे थांबलं. कागदावरचा कायदा आणि मुलाच्या अंगावरचे वळ यांतलं अंतर मी रोज बघते. म्हणून पहिलं प्रकरण मला आजही जिवंत वाटतं: टॉमला मोठेपणी काय व्हायचंय? मालक. म्हणजे हाताखालच्या पोरांना तोही बदडू शकेल. मार खाणाऱ्या मुलाचं स्वप्न किंग्जलींना नेमकं दिसलं होतं.

*

सगळ्यांचे आभार. सहाव्या प्रकरणाबद्दल मी वरच्या दादांच्याच मताची आहे, आणि तरी पुस्तक देईन, पण बारा-तेरा वर्षांनंतर, संपूर्ण, आणि शेजारी बसून. भाचीबरोबर तसंच वाचतेय. शेवटाकडे ग्राइम्स स्वतः धुराड्यात अडकलेला असतो. थडग्यावर फुलं वाहणारी ती म्हातारी आपलीच आई होती हे कळल्यावर तो रडतो आणि त्याच्याच अश्रूंनी काजळी धुऊन निघते. भाची म्हणाली, "त्याला माफी मिळाली, मग त्या वानर झालेल्यांना का नाही?" आमचा वाद अजून चालू आहे. संपूर्ण इंग्रजी पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आहे. कुणी शाळेत शिकवलं असेल तर वर्गात सहावं प्रकरण कसं घेतलंत ते जरूर लिहा.