लेथवर कातलेल्या लाकडाला कमी खर्चात चकाकी कशी आणावी?

प्रश्न

नमस्कार. मी लेथवर (लाकूड फिरवत कातण्याच्या यंत्रावर) लहान वाडगे आणि झाकणाच्या डब्या कातत असतो. आकार मनासारखा येतो, परंतु पॉलिश चढवल्यावर वाडग्याच्या समोरासमोरच्या दोन भागांत बारीक गोल ओरखडे उठून दिसतात. बफिंगचा, म्हणजे फिरत्या कापडी चाकाने (बफने) चकाकी आणण्याचा, तयार संच सध्या परवडण्यासारखा नाही. सहज मिळणाऱ्या साहित्यात काम भागेल का?

प्रतिसाद १

आपण ज्या दोन भागांचा उल्लेख केला आहे, तेथे लाकडाच्या तंतूंची टोके उघडी पडतात. अवजाराने ती कापली जाण्याऐवजी फाटतात आणि तेल किंवा मेण लागताच गडद दिसू लागतात. याला पॉलिशचा उपाय नाही, घासण्याचा आहे. १२० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने सुरुवात करून १८०, २४०, ३२० आणि ४०० असे क्रमाने जावे व मधला एकही क्रमांक गाळू नये, कारण १२० ने पडलेला ओरखडा ४०० च्या कागदाने कितीही घासले तरी जात नाही, उलट भोवतालचा भाग गुळगुळीत झाल्याने अधिकच डोळ्यांत भरतो. प्रत्येक क्रमांकानंतर लेथ बंद करून तंतूंच्या दिशेने हाताने घासावे, धूळ पुसावी आणि दिवा तिरपा धरून पृष्ठभाग पाहावा. घासताना वेग कातण्याच्या वेगापेक्षा कमी असावा. कागदातून बोटाला चटका बसू लागला, तर वेग जास्त आहे किंवा कागद बोथट झाला आहे असे समजावे. त्या उष्णतेने लाकडाला केसासारख्या चिरा जातात.

यानंतरची पायरी पूर्णपणे फुकटची आहे. त्याच लाकडाचे मऊ, पातळ सालपे मूठभर घेऊन फिरत्या वस्तूवर खालच्या बाजूने दाबून धरावेत. तंतू दबून बसतात आणि मंद चमक येते. सालीचे किंवा गाठीचे टणक तुकडे मात्र आधी निवडून टाकावेत, नाहीतर नवे ओरखडे पडतील.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. घासण्यात कसर राहिली असेल, तर महागडा बफही ती झाकू शकत नाही. तरीही बफ हवाच असेल, तर तो घरी करता येतो. जुन्या सुती कापडाच्या साधारण १५० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या एकमेकींवर रचून शिवाव्यात, मधोमध बोल्ट घालून दोन्ही बाजूंना मोठे वॉशर लावावेत आणि नट घट्ट आवळावा. बोल्ट ड्रिल चकमध्ये (लेथवर बसणाऱ्या, ड्रिल धरणाऱ्या पकडीत) धरून त्याच्या दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या भागाचा) आधार द्यावा, कारण मोर्स टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) नुसता बसवलेला चक थरथरीने सैल होऊन निसटू शकतो. वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास पुरतो. वस्तू चाकाच्या खालच्या अर्ध्या भागाला लावावी आणि तिची धार चाकाच्या दिशेविरुद्ध कधीही धरू नये. धार अडकली की वस्तू हातातून हिसकावली जाते. ट्रिपोली (बफला लावायचे तपकिरी पॉलिशचे द्रव्य) लावायचे असल्यास त्यासाठी वेगळे चाक ठेवावे. फिकट आणि मोठ्या रंध्रांच्या लाकडात त्याचा तपकिरी रंग अडकून बसतो, म्हणून तेथे ते टाळलेलेच बरे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. खाण्याचे पदार्थ ठेवायच्या वाडग्याला मेण चालेल का?

प्रतिसाद ३

कोरडे पदार्थ ठेवायचे असतील, तर मधमाश्यांचे शुद्ध मेण चालते. वडी फिरत्या लाकडाला टेकवावी आणि नंतर कागदी रुमालाने दाब द्यावा. घर्षणाच्या उष्णतेने मेण वितळून पातळ थर पसरतो. कापड मात्र वापरू नये, कारण ते गुंडाळले गेले तर बोटेही ओढली जातात, कागद फाटून सुटतो. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ते मऊ राहते आणि बोटांचे ठसे धरते. कार्नोबा मेणाचा (एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरील कठीण मेणाचा) वितळणबिंदू ८० अंशांच्या वर असल्याने त्याची चमक अधिक टिकते. नुसत्या शोभेच्या डब्यांसाठी मी चपडा लाख, स्पिरिट आणि उकळलेले जवसाचे तेल समप्रमाणात मिसळून लावणे पसंत करतो, परंतु पाणी किंवा मद्य सांडण्याचा संभव असेल तेथे लाख पांढरी पडते. जवसाच्या तेलाने भिजलेले रुमाल चुरगाळून एकत्र टाकल्यास ते तापून आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ते उघड्यावर पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.