बिनविरोधचा मुद्दा अर्धाच आहे

'तीस वर्षं बिनविरोध म्हणजे गावात दुसऱ्याला उभंच राहू दिलं नाही' हे नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारच्या ग्रामपंचायतीबद्दल कुणीतरी लिहिलंय. शंका रास्त आहे, पण २०२१ च्या जानेवारीत तिथे निवडणूक झाली की! समोर पॅनेल उभं राहिलं, मतदान झालं आणि सातही जागा गावाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांच्या पॅनेलने जिंकल्या. तेव्हा त्यांना पद्मश्री जाहीर होऊन वर्ष झालं होतं, त्याचा फायदा झाला असेल म्हणा.

मला पद्मश्रीपेक्षा तिथला पाण्याचा ताळेबंद मोठा वाटतो. पर्जन्यमापकावर किती पाऊस पडला तो आकडा ग्रामसभेपुढे येतो, आधी माणसं-जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही. आमच्याकडे नेमकं उलटं. शेजाऱ्याने तीनशे फूट मारला की आपण पाचशे, आणि फेब्रुवारीत दोघंही टँकरच्या रांगेत. सरपंचाला हे कळत नाही असं नाही, पण बोअर बंद करा म्हणायचं आणि पुन्हा त्याच दारात मत मागायला जायचं, हे कोण करणार?