मदत हवी आहे: स्मोकरसाठी यातलं कोणतं पिंप घेऊ?

नमस्कार मंडळी. शेतावर पिंपाचा स्मोकर, म्हणजे धुरावर मटण शिजवायची भट्टी, करायचाय. तळाला कोळसा नि आंब्याची लाकडं, वर जाळी, ११०-१२० अंशांवर चार-पाच तास मटण. भंगारवाल्याकडे २०० लिटरची दोन लोखंडी पिंपं बघून आलोय, आणि तिथेच अडकलोय.

पहिल्याचं झाकण कडी काढली की अख्खं निघतं, कापाकापी नाही. पण आत तांबूस अस्तर आहे, नखाने खरवडलं तरी हलत नाही. इपॉक्सीच (प्लास्टिकसारखा कडक लेप) असणार ना? नुसत्या लाकडाच्या जाळाने ते पूर्ण जातं का, की नंतर तारेच्या ब्रशने घासावंच लागतं?

दुसरं आतून कोरं, पण वरून बंद, दोन बुचांचं. भंगारवाला म्हणतो, "खाद्यतेलाचंच होतं साहेब." मग लेबल का खरवडलंय? बुचाला नाक लावलं, काही कळलं नाही. आत कसली वाफ उरली असेल तर ठिणगीने भडका उडायचा, म्हणून ग्राइंडर लावायला धजत नाही.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं, स्वस्तात मिळत होतं, पण तापल्यावर जस्ताचा धूर नको म्हणून सोडलं.

कुणी केलाय का असा? तुम्ही कुठलं उचललं असतं?