बंड, उठाव, लूट: खानदेशातील लढ्यांसाठी नेमका शब्द कोणता?

प्रश्न (शिरपूरहून, एक शिक्षिका)

आमच्या शाळेत खानदेशातील स्वातंत्र्यलढ्याविषयी एक भित्तिफलक तयार होत आहे. भिल्ल पुढारी खाज्या नाईकांवरील मजकुरात मी ‘१८५७ मध्ये भिल्लांनी बंड केले’ असे लिहिले होते. ‘बंड’ हा इंग्रजांचा शब्द आहे, तो काढून ‘उठाव’ करावा, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले. दुसऱ्यांचा आग्रह ‘स्वातंत्र्यसमर’ या शब्दासाठी आहे. शेजारच्या चौकटीत १९४४ च्या चिमठाण्याच्या खजिना लुटीची माहिती आहे. लहान मुलांपुढे ‘लूट’ हा शब्द ठेवणे योग्य आहे का, अशीही शंका निघाली. या चारही शब्दांच्या अर्थच्छटा जाणकारांनी स्पष्ट कराव्यात, ही विनंती.

उत्तर (धुळ्याहून)

ताई, ‘बंड’ हा शब्द इंग्रजांनी आणलेला नाही, हे आधी सांगावयास हवे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने जो तोतया उभा राहिला, त्याचे प्रकरण आपण आजही ‘तोतयाचे बंड’ म्हणूनच ओळखतो, आणि त्या प्रकरणाशी इंग्रजी भाषेचा काही संबंध नाही. त्यामुळे परकीयपणाच्या कारणावरून हा शब्द बाद करता येत नाही. त्याची अडचण निराळीच आहे. बंड कोणाच्या तरी विरुद्ध असते आणि ज्याच्या विरुद्ध असते त्याची सत्ता रास्त आहे, हे बोलणाऱ्याने न सांगता मान्य केलेले असते. मुलाने बापाविरुद्ध, सरदाराने धन्याविरुद्ध, उमेदवाराने पक्षाविरुद्ध केलेले ते बंड. (निवडणुकीच्या हंगामात वर्तमानपत्रे ज्यांना ‘बंडखोर’ म्हणतात, त्यांनी या शब्दाची उरलीसुरली धारही घालवली आहे, हा भाग वेगळा.)

शब्दाचा कल पाहावयाचा असेल, तर त्याच्या जोडीला कोणते क्रियापद येते ते पाहावे. बंड ‘मोडून काढतात’, आणि मोडणाऱ्याचे ते कर्तृत्व ठरते. उठाव ‘दडपतात’, चळवळ ‘चिरडतात’. येथे दोष दडपणाऱ्याकडे आणि चिरडणाऱ्याकडे जातो. ‘बंडाळी’ तर ‘माजते’, जशी रोगराई किंवा अनागोंदी माजते. तिला कर्ताच उरत नाही. याच्या उलट ‘बंडाचे निशाण उभारले’ या प्रयोगात उभारणाऱ्याविषयी आदर आहे. म्हणजे बंड करणाऱ्याच्या बाजूने सांगितले की शब्द ताठ उभा राहतो आणि मोडणाऱ्याच्या बाजूने सांगितले की वाकतो.

आता हे खानदेशाला लावून पाहू. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. सातपुड्यातील व सातमाळ्यातील भिल्ल नाईकांकडे घाटवाटांच्या रखवालीचे परंपरागत हक्क होते. ते डळमळीत झाले आणि नव्या सत्तेविरुद्ध त्यांचा झगडा लगेच सुरू झाला. तो नुसत्या फौजेने आवरेना, म्हणून १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभी करण्यात आली आणि धरणगाव तिचे ठाणे झाले. जी सत्ता डोंगरांतील लोकांनी अद्याप मान्यच केलेली नव्हती, तिच्याविरुद्ध त्यांनी ‘बंड’ केले असे म्हणणे मला भाषेच्या दृष्टीनेच चुकीचे वाटते. तेथे ‘उठाव’ किंवा ‘प्रतिकार’ हवा.

खाज्या नाईकांचे प्रकरण मात्र थोडे गुंतागुंतीचे आहे. सातपुड्यातील सेंधवा घाटाच्या रखवालीवर ते कंपनीच्याच चाकरीत होते. पुढे त्यांना शिक्षा झाली, सुटकेनंतर ते पुन्हा चाकरीत आले आणि १८५७ मध्ये त्यांनी ती चाकरी झुगारली. चाकराने धन्याविरुद्ध शस्त्र उचलले, एवढ्या अर्थाने त्यांच्या एकट्याच्या कृतीला ‘बंड’ हा शब्द चपखल बसतो. पण त्यांच्यामागे जे शेकडो भिल्ल गेले आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीच्या लढाईत इंग्रजी फौजेसमोर उभे राहिले, ते काही सगळे कंपनीचे चाकर नव्हते. म्हणून माझी सूचना अशी, की मथळ्यात ‘भिल्लांचा उठाव’ ठेवावे आणि मजकुरात ‘खाज्या नाईकांनी बंडाचे निशाण उभारले’ असे लिहावे.

‘स्वातंत्र्यसमर’ हा शब्द सावरकरांच्या १९०९ मधील ग्रंथामुळे १८५७ च्या समग्र घटनेला चिकटला. तो एका घटनेच्या विशेषनामासारखा आहे. ‘भिल्लांनी स्वातंत्र्यसमर केले’ हे वाक्यच होत नाही. ‘१८५७ च्या स्वातंत्र्यसमरात खानदेशातील भिल्ल उतरले’ असे मात्र खुशाल लिहावे.

प्रतिसाद (जळगावहून)

नाना, आपले विवेचन बहुतांशी पटले, तरी ‘उठाव’ या शब्दावर माझे समाधान होत नाही. आमच्याकडे हा शब्द रोज कानांवर पडतो तो ‘यंदा केळीला उठाव नाही’ असा, पण तो भाग सोडून देऊ. माझा मुद्दा कालावधीचा आहे. उठाव म्हटले की एकदम उसळून थोड्या दिवसांत शमलेली घटना डोळ्यांपुढे येते. येथे १८१८ पासून १८६० मध्ये खाज्या नाईक मारले जाईपर्यंत चार दशके झगडा चालला. त्या सगळ्याला मिळून एकच नाव द्यावयाचे तर ‘लढा’ हा शब्द अधिक योग्य ठरेल, कारण लढा चालू राहतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो.

दुसरे असे, की खानदेशात प्रत्येक प्रतिकार शस्त्राचाच होता असे नाही. १८५२ मध्ये जमीनमोजणीविरुद्ध सावदे, रावेर, चोपडे भागातील शेतकरी मोठ्या संख्येने एकत्र आले. फैजपूर हे त्याचे एक केंद्र होते. इंग्रजी दप्तराने याला ‘दंगा’ म्हटले आणि आपणही तो शब्द तसाच उचलला. वाढीव शेतसाऱ्याच्या भीतीने मोजणीच नको म्हणणाऱ्या रयतेच्या जमावाला ‘दंगा’ म्हणणे मला ‘बंड’ या शब्दापेक्षाही अधिक खटकते. पुढे १९३६ च्या डिसेंबरात त्याच फैजपुरास काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले आणि त्यात शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम मंजूर झाला, तेव्हा त्याला कोणी दंगा म्हटले नाही. १८५२ च्या घटनेस ‘मोजणीविरोधी आंदोलन’ म्हणावे. शब्द आजचा आहे, पण घटनेवर अन्याय करीत नाही.

पुन्हा धुळ्याहून

भाऊ, ‘लढा’ मान्य. चार दशकांसाठी ‘लढा’ आणि त्यातील १८५७-५८ च्या पर्वासाठी ‘उठाव’, अशी वाटणी करावी. ‘दंगा’ या शब्दाविषयी आपण म्हणता ते पूर्णपणे खरे आहे.

‘लूट’ या शब्दाचे उत्तर राहिले होते. ताई, तो शब्द मुलांपासून लपवण्याचे कारण दिसत नाही. मराठीत लूट हा मुळात लढाईच्या व्यवहारातला शब्द आहे. सुरतेची लूट आपण त्याच नावाने शिकलो, आणि दसऱ्याला आपट्याचे सोने आपण ‘लुटतो’ ते काही चोरी म्हणून नव्हे. ‘दरोडा’ हा शब्द निराळा: त्यात रात्र आहे, घर आहे आणि स्वतःच्या पोटासाठी केलेली धाड आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ डॉ. उत्तमराव पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना मिळवला, तो भूमिगत लढ्याच्या खर्चासाठी. ‘खजिना लूट’ हे नाव लोकांनी अभिमानाने ठेवलेले आहे. त्याऐवजी ‘खजिना हस्तगत केला’ असे लिहिल्यास घटना बँकेच्या व्यवहारासारखी वाटेल.

मात्र हाच न्याय दोन्ही चौकटींना लावावा. नोव्हेंबर १८५७ मध्ये सेंधवा घाटात खाज्या नाईकांच्या लोकांनी इंदुराहून येणारा सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. प्रदेश जवळपास तोच, खजिना सरकारचाच, लढाई परक्या सत्तेशीच. तरीही पुष्कळ लिखाणात एकाच्या वाट्याला ‘लूट’ येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला ‘दरोडा’. आपल्या फलकावर असे होऊ नये. भूमिगत कार्यकर्ते आणि डोंगरातील नाईक यांच्यासाठी वेगळे शब्द वापरण्याला भाषेत काही आधार नाही. तो आधार लिहिणाऱ्यांच्या मनात आहे.

जाता जाता एक व्याकरणाची बाब. आपल्या प्रश्नात ‘खाज्या नाईकांवरील’ असे आदरार्थी अनेकवचन आहे, ते चांगले आहे. फलकाच्या अंतिम मजकुरात ‘उत्तमरावांनी खजिना लुटला’ आणि ‘खाज्याने खजिना लुटला’ अशी वाक्ये शेजारी शेजारी येणार नाहीत, एवढे मुद्रितशोधनाच्या वेळी पाहून घ्यावे.