मदत हवी आहे: गॅस्केट बदलूनही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पॅन गळतोय

मंडळी, लातूरला चार गिअरची, डिपस्टिकवाली जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे. पॅनचं, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या ट्रेचं, कॉर्क गॅस्केट नवं टाकलं, फिल्टर बदलला. पॅनमधल्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट होती, धातूचे तुकडे नाहीत, तेलाला जळका वासही नाही. चार लिटर निघालं, तेवढंच मोजून भरलं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला तेलाने भरलेला भाग) राहतंच. लेव्हल इंजिन चालू, तेल गरम, लिव्हर 'पी'वर (पार्क) ठेवून पाहिली, बरोबर आहे. म्हणजे जास्त भरल्यामुळे फेस होऊन ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून) येतंय असं नाही. तरी मागच्या कोपऱ्यात लाल थेंब.

पहिला संशय पॅनच्या काठावर. बोल्ट फार आवळले की भोकाभोवतीचा पत्रा गॅस्केटच्या बाजूला फुगतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये दाब पडत नाही. पॅनचा काठ सपाट लाकडावर ठेवून हातोडीने बसवायचा आणि बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, साधारण १० न्यूटन मीटरवर आवळायचे असं ठरवलंय. सिलिकॉन लावणार नाही, त्याचे तुकडे सुटून फिल्टरमध्ये अडकतात.

दुसरा संशय लिव्हर शाफ्टच्या सीलवर (गिअर लिव्हरचा दांडा गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथली तेल अडवणारी रिंग), कारण तिथलं तेल ओघळून पॅनच्याच काठावर येतं. ब्रेक क्लीनरने धुऊन, टाल्कम पावडर मारून ओल कुठून येते ते बघणार आहे.

विचारायचं हे: उन्हाळ्यात कॉर्क टिकतं का, की रबरचंच घ्यावं? लिव्हर शाफ्टचा सील गिअरबॉक्स न उतरवता निघतो का? आणि लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरात फक्त ऑटोमॅटिकचंच काम करणारा, टॉर्क रेंच वापरणारा मिस्त्री कुठल्या भागात सापडेल?