इफेरोसायटोसिस : 'भक्षण' की 'निर्हरण'?

शब्दवेधी : मरू घातलेली पेशी मॅक्रोफेज (सफाई करणारी प्रतिकारपेशी) ओळखतो आणि गिळतो, त्या क्रियेला, म्हणजे इफेरोसायटोसिसला, मराठीत 'पेशीभक्षण' म्हटलेलं चालेल का?

सूक्ष्मदर्शी : नको. तो शब्द फॅगोसायटोसिससाठी वापरात आहे आणि त्यात जिवाणू गिळणंही येतं. जिवाणू गिळला की मॅक्रोफेज दाह वाढवतो. मरती पेशी गिळली की आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा हे संदेशक रेणू सोडून दाह शमवतो. म्हणूनच 2003 साली वेगळी संज्ञा आली. लॅटिन 'एफेर्रे' म्हणजे प्रेत अंत्यविधीसाठी बाहेर नेणं. संस्कृतात 'निर्हरण'चाही हाच अर्थ आहे. माझं मत 'पेशीनिर्हरण'.

काढा : आयुर्वेदात 'दोषनिर्हरण' म्हणजे वमन-विरेचनाने दोष शरीराबाहेर काढणं. इथे पेशी बाहेर जातच नाही, मॅक्रोफेजच्या लायसोसोममध्ये (पेशीतल्या पचनाच्या पिशवीत) पचते. 'मृतपेशीभक्षण' जास्त सरळ नाही का?

सूक्ष्मदर्शी : बाहेर जाण्याबद्दलचा आक्षेप रास्त आहे, पण 'मृत' मात्र चूक ठरेल. गिळली जाते तेव्हा पेशीचं पटल बहुधा अखंड असतं. फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेद एरवी पटलाच्या आतल्या थरात असतो, फ्लिपेझ हे प्रथिन त्याला तिथे राखतं. पेशी मरू लागली की कॅस्पेझ-३ हे विकर ते फ्लिपेझ तोडतं, शिवाय एक्सकेआर-८ हे स्क्रॅम्बलेझ (दोन्ही थरांतले मेद मिसळणारं प्रथिन) चालू करतं, आणि मेद बाहेर येतो. हीच ओळखीची खूण. मॅक्रोफेजवरचा टिम-४ हा रिसेप्टर ती थेट धरतो. मर-टीके या दुसऱ्या रिसेप्टरला मध्ये गॅस-६ किंवा प्रोटीन-एस या प्रथिनाचा दुवा लागतो. उशीर झाला तर पटल फाटतं, आतला ऐवज सांडतो आणि दाह भडकतो. ज्यांच्यात जन्मतः सी१क्यू हे रक्तातलं प्रतिकार-प्रथिन नसतं त्यांना बहुधा ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) होतो, त्यामागे ही रखडलेली सफाई हे एक कारण मानतात.

परीक्षानळी : मृत आणि मरणासन्न हा भेद प्रयोगशाळेतही पाळावा लागतो. अ‍ॅनेक्सिन-५ (त्या मेदाला धरणारं प्रथिन) चिकटलं पण प्रोपिडियम आयोडाइड (फाटलेल्या पटलातूनच आत जाणारा रंग) आत शिरलं नाही, तरच पेशी 'मरणासन्न'. दोन्ही दिसली तर पटल फाटलेलं. तिथे अ‍ॅनेक्सिन आतल्या थरालाही चिकटतं. त्याला कॅल्शियम लागतं, म्हणून पेशी भांड्यापासून सोडवताना वापरलेलं, कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए नीट धुतलं नाही तर खूण असूनही दिसत नाही. आणि सक्रिय प्लेटलेटवरही हाच मेद बाहेर येतो, तेव्हा एकट्या खुणेवरून मरण ठरवू नये.

शब्दवेधी : मग 'मरणासन्न पेशींचं निर्हरण', पुढे नुसतं 'निर्हरण'?

सूक्ष्मदर्शी : हो, पहिल्या वापरात 'गिळून पचवणं' असा खुलासा जोडून, म्हणजे काढा यांची शंकाही मिटेल. वाक्यात असं : 'फुप्फुसातल्या न्यूट्रोफिलांचं (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं) निर्हरण रखडलं, म्हणून सूज उतरली नाही.'